केचिरासिझ

एल्योर, आधी ती किल्ली बोटावर फिरवणं थांबव.
तुरोब-अकांच्या दाराशी गाडी न्यायची नाही.
सत्तर पावलांचं तर अंतर,
चालत जा. गल्लीला दिसू दे.

नोन दोन घे. एकटा नोन देत नाहीत.
आत्ताच तंदुरातून काढलेत, तीळ वर राहू देत,
पालथे धरू नकोस. नऊ वर्षं बर्फाच्या गावात
परक्यांच्या भिंतींना गिलावा करून आलास,
म्हणून हेही सांगावं लागतं मला.

पाणी कुणाच्या पाळीचं होतं, ते मी विचारत नाहीये.
मंगळवार आपला, ठाऊक आहे.
पाटाची फळी त्यांनी सरकवली असेल. असेलही.
टोमॅटोंना तहान लागली असेल त्यांच्या.
पण ज्यांनी तुला त्रिकोण शिकवला
त्यांना तू भर गल्लीत 'सेन' म्हणालास.
अरे-तुरे केलंस, एल्योर.
पिठाचे हात तसेच घेऊन मी दारात उभी होते.
फळी काय, पुन्हा सरकवता येते.

तर ऐक.
गेल्या गेल्या मुद्द्यावर यायचं नाही.
हात छातीवर, मान जराशी खाली, सलाम.
मग तब्येत विचार. गुडघ्याचं विचार.
नमनगानला दिलेल्या लेकीचं विचार.
गायीचंही.
ते तुटक बोलतील. तू तुटक बोलू नकोस.
चहा येईल. ते तीनदा पेल्यात ओतून
तीनदा किटलीत परत घालतील,
चुळबुळ करू नकोस,
तेवढ्या वेळात चहा मुरतो, आणि माणूसही.
पेला अर्धा भरला तर समज, बसवून घेतायत.
काठोकाठ भरला तर पिऊन ऊठ
आणि उद्या पुन्हा जा.

मग म्हण.
नुसतं 'उझ्र' म्हणून सुटू नकोस,
ते बसमध्ये पायावर पाय पडला की.
आणि ते तुझं रशियन 'इझ्विनी',
पायपुसण्याला बूट घासल्यासारखं, ते तर नकोच.

केचिरासिझ म्हण.
सावकाश.
बघ, शेवटी जिभेवर काय येतं:
सिझ. आपण.
गल्लीत तू जे हिसकावून घेतलंस
ते याच शब्दाच्या शेपटाला बांधलेलं आहे.
तेवढं स्पष्ट म्हण,
बाकीचं तोंडातल्या तोंडात गेलं तरी चालेल.

आमचे वडील मेंढरं घेऊन ओढा पार करायचे
तेव्हाही म्हणायचे केच्मोक.
म्हणजे तू एवढंच मागतोयस,
की मला पलीकडे येऊ द्या,
पाणी घोट्याइतकंच आहे.

तो गेला.
मी तंदुराची राख काढायचं निमित्त केलं.
मधली भिंत मातीची, कान लावावा लागत नाही.
गुडघा झाला. लेक झाली.
गाय विसरला, मूर्ख.
किटलीचं झाकण वाजलं, तीनदा.
मग कितीतरी वेळ
पत्र्यावर पिकल्या तुती पडत होत्या, त्यांचाच आवाज.

मग त्याचा. शाळेतला.
"केचिरासिझ, दोमला."

तुरोब-अका खोकले.
'हेचकिसी योक', काही नाही रे त्यात,
असं म्हणतील म्हणून मी थांबले. म्हणाले नाहीत.
म्हणाले,
"सेन चहा पी. गार होतोय."

तेच सेन.
पण उतारावरून आलेलं,
पाण्यानं यावं तसं.

मंगळवारी पहाटे, कुणी उठायच्या आत,
मी फळी बोटभर सरकवली, त्यांच्या वाफ्याकडे.
माझंही एक केचिरासिझ राहिलंय त्या घरात,
त्यांच्या बायकोपाशी. एका चांदीच्या सुईवरून.
ती होती तोवर जमलं नाही.

केच म्हणजे उशीरही.
एल्योरला ते सांगितलं नाही मी.